म्हसोबापुरता अपवाद

कुरणवाडी, कोडोलीशेजारी
१२ फेब्रुवारी २०२५

वर्षे, तुला आणि तुझ्या पोटातल्याला आज्जीचा आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग, ऐकत असले तर.

पत्र संघप्रिया लिहितीया. आपल्या अंगणवाडीची, कांबळ्यांची. तिला सांगितलंय, मी बोलीन तसं लिही, शुद्ध करायला जाऊ नको. शुद्ध केलेलं माझं मलाच कळणार न्हाय. (प्रयत्न करते आहे. – संघप्रिया) बघ, कायतरी जादा घातलं. मला वाचाय येत न्हाय, पण पदरचं लिहाय लागली की हिची मान वाकडी होती, त्यावरनं ओळखतो.

घरात फोन एकच, तो तुझ्या बापाच्या खिशात, आणि त्या नंबरावर तू लग्न झाल्यापासनं एकदा बी फोन केला न्हाईस. म्हणून हे पत्र.

तुला सहावा लागंल आता. पहिलं बाळंतपण माहेरात. तुझी आई असती तर तिनं बोलावलं असतं. ती न्हाय, तर मी बोलावतो. तुला मी वाढवलं, तुझं बी वाढवीन. दात गेलेत, हात हायत.

गावात एक नवीन झालंय. ग्रामपंचायतीनं फळ्यावर कागद लावलाय. बंधाऱ्याखालच्या वाळूवर दारू पिण्यास बंदी घालावी का न्हाय, गावानं आपलं म्हणणं लेखी द्यावं, मार्चअखेर ग्रामसभेत ठराव. रविवारी कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या येतात, वाळूत बसतात, बाटल्या तिथंच फोडून जातात. धुण्याच्या दगडाला बसायचं तर आधी काचा वेचायच्या. आपल्या रेडकाचा खूर कापला. मागच्या रविवारी एक पावणं वाळूत गाडी रुतवून बसलेलं. आपल्या ट्रॅक्टरनं ओढून काढलं, तर जाताना मला म्हणतंय, "थँक्यू काकू, चकण्याला काय हाय का?"

म्हणणं टाकायला शाळेतली तक्रारपेटी आणून ठेवलीया. मी बी एक टाकलं. संघप्रियानं लिहिलं, मी अंगठा लावला. 'ज्याला प्यायची हाय त्यानं वाळूवर आपल्या बायकोसमोर बसून प्यावी. बंदीची गरज पडणार न्हाय.' सरपंच विजयसिंह म्हणला, "आज्जी, हे ठरावात बसत न्हाय." म्हणलं, "बाबा, तू बसून बघ, मग सांग."

तुझा बाप बरा हाय. संध्याकाळी म्हशी घेऊन बंधाऱ्यावर जातो, दिवस बुडताना येतो. जास्त विचारू नको. कधी येतीस ते कळव.

तुझी आज्जी
बाळाबाई केरबा चौगुले (अंगठा)


रत्नागिरी
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय आज्जी,

तुझं पत्र पोचलं. अंगठा बघून अतुलनं विचारलं, "कोर्टाचं आहे का?" मी म्हटलं, त्याच्याही वरचं आहे.

मी बरी आहे. वकीलसाहेबांच्या ऑफिसात अजून जाते. बसून नोटिसा टाइप करायच्या, त्यात पोटाला काही त्रास नाही. डॉक्टरांनी जून सुरुवातीची तारीख दिलीय.

'संध्याकाळी बंधाऱ्यावर जातो' म्हणजे काय, हे तू मला सांगायला नको. शेजारच्या पृथ्वीराजनं मागच्या आठवड्यात फोटो पाठवला. बाबा वाळूवर, शेजारी त्यांचे रोजचे सोबती पिराजीआण्णा, बाबांच्या हातात ग्लास. खाली पृथ्वीराजनं लिहिलं होतं, 'काका एकदम मजेत.'

आज्जी, माझ्यावर अक्षता पडत होत्या तेव्हा बाबा त्याच वाळूवर झोपलेले होते. कन्यादान गुंडूमामानं केलं. मांडवात कुणी काही बोललं नाही, सगळे जेवले आणि गेले. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. बाबांनी आजवर चारदा सोडली. चारही वेळा तूच मला आनंदानं सांगितलंस, आणि चारही वेळा पुढचं दुसऱ्यांकडून कळलं.

मला माहेरी यायचंय. इथं सासूबाई सगळं करतील, पण मला तुझ्या हातचं डिंकाचं पाणी प्यायचंय, तुझ्याकडून शिव्या खायच्यात. पण आपलं घर वाळूपासून शंभर पावलांवर आहे. माझ्या बाळानं आजोबांना पहिल्यांदा बघायचं ते झोकांड्या देत येताना, हे मला चालणार नाही.

म्हणून सरळ सांगते. बंदी झाली, वाळू मोकळी झाली, तर एप्रिलअखेर मी येते. नाही झाली तर नाही. आणि नुसता बोर्ड नको. इथं समुद्रावर 'मद्यपानास सक्त मनाई' असा बोर्ड आहे, लोक त्याच्याच सावलीला बसून पितात.

तुझी वर्षा


कुरणवाडी
३ मार्च २०२५

वर्षे,

अट कळली. वकिलाकडं राहून तू बी कागदासारखी बोलाय लागलीस. असू दे. मी तुझ्या बाजूनं हाय, पण गाव कुणाच्या बाजूनं हाय ते गावालाच कळंना झालंय.

काल पेटी उघडली. महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून संघप्रियानं एकेक कागद वाचून दाखवला. आत काय काय निघालं ऐक. बोरची मोटर जळली त्याची तक्रार. रेशनकार्डाची झेरॉक्स. कुणाच्या तरी पोराचा लग्नाचा बायोडाटा, उंची पाच फूट सहा इंच, निर्व्यसनी. पारासमोरची धोंडुबाई म्हणली, "हा निर्व्यसनी कुणाचा गं, वाळूवर तर रोज दिसतोय." दारूविषयी म्हणशील तर एकोणतीस चिठ्ठ्या बंदीच्या बाजूनं, त्यातल्या सत्तावीस बायकांच्या. उरलेल्या दोघांच्या बायकांचं अक्षर मी ओळखते, असं संघप्रिया म्हणली.

विरोधात एकच कागद. पिराजीचा. पण तो कागद सगळ्यांना खाऊन बसलाय. पिराजीनं लिहिलंय, बंदी घाला, माझी हरकत न्हाय, पण वाळूच्या टोकाला म्हसोबा हाय. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की पुढच्या रविवारी म्हसोबाची राखण असती. त्या दिवशी देवाला दारूची धार पडती, पिढ्यान् पिढ्या पडत आलीया. बंदी झाली की देवाची धार बंद. मग पुरात कुणाचं काय वाहून गेलं तर जबाबदार कोण, सरपंच का तहसीलदार?

झालं. पारावर कालपासनं त्योच विषय. निम्मे म्हणतात देवाला सूट द्या. निम्मे म्हणतात देवाला सूट दिली की रोज कोण ना कोण देवाचा माणूस निघणार. एकानं तर विचारलं, "म्हसोबाला ताक चालंल का?" पिराजी म्हणला, "तुला चालतं का?" आता पिराजीचा कागद मिटल्याशिवाय ठराव पुढं जायचा न्हाय असं विजयसिंह म्हणतोय. त्याला बायकांची भीती वाटती आणि म्हसोबाची बी. कुणाची जास्त ते त्याचं त्याला ठरंना.

मला विचारशील तर देव दारूसाठी अडून बसलेला मी बघितला न्हाय. माणसं बघितलीत.

तुझ्या बापाविषयी एक सांगायचं होतं. पण ज्याची गोष्ट हाय त्यानं सांगू नको म्हणून जोतिबाची शपथ घातलीया. म्हणून न्हाय सांगत. संघप्रियाला बी घातलीया, ती आता मान वाकडी करंल पण लिहिणार न्हाय. (नाही लिहीत. – संघप्रिया)

डिंक आणून ठेवलाय.

आज्जी (अंगठा)


रत्नागिरी
११ मार्च २०२५

प्रिय आज्जी,

पिराजीआण्णांचा कागद मिटला असं समज.

आमच्या ऑफिसात असे प्रसंग रोज येतात. दोन्ही बाजू अडून बसल्या की मधे एक अपवाद घालायचा. ज्याला तो अपवाद हवा असतो तोच मग बाकीचा कागद डोळे झाकून मान्य करतो. मी गावची लेक म्हणून ग्रामपंचायतीला रजिस्टर्ड पोस्टानं सूचना पाठवलीय, आजच. तुला कळावं म्हणून उतरवते, संघप्रियाताई वाचून दाखवतील:

'बंधाऱ्याखालील वाळूपट्ट्यावर बाराही महिने मद्यपानास संपूर्ण बंदी असावी. अपवाद: श्री म्हसोबाच्या वार्षिक राखणीच्या दिवशी परंपरेप्रमाणे होणारी धार व त्यानंतर मानकऱ्याने घ्यावयाचा एक घोट, एवढ्यापुरती सदर बंदी लागू राहणार नाही.'

वकीलसाहेबांनी वाचून फक्त एक स्वल्पविराम काढला.

मान आपल्या घराचा आहे, म्हणजे तो घोट बाबाच घेणार, हे मला माहीत आहे. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पिणाऱ्या माणसाला एक दिवस कायद्यानं मिळाला, एवढंच. बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांत वाळू मोकळी राहील. मला तेवढं पुरे आहे.

आणि ती शपथेची गोष्ट. आज्जी, ती पाचव्यांदा सोडल्याची असेल तर खरंच सांगू नकोस. चार वेळचं मी अजून विसरले नाहीये.

बाळ आता लाथा मारतं. अतुल म्हणतो, फुटबॉल खेळणार. मी म्हटलं, कोल्हापूरचं आहे, दुसरं काय करणार.

तुझी वर्षा


कुरणवाडी
२९ मार्च २०२५

वर्षे,

काल ग्रामसभा झाली. बंदी झाली. सगळ्यांनी हात वर केले, एक बी हात खाली न्हवता. तुझी अट पुरी झाली. आता बाकीचं ऐक आणि ऐकताना बसून घे.

तुझं पत्र माझ्या हातात पडायच्या आदल्या दिवशी तुझा कागद पंचायतीत पोचलेला. सभेत तो संघप्रियालाच वाचायला लावला. अपवादाच्या ओळीला येऊन ती वाचायचीच थांबली. लोकांना वाटलं घसा सुकला, पाणी दिलं. वाचून झाल्यावर पिराजी उभा राहून म्हणला, "हे लिहिणारी पोरगी आपल्या गावची हाय, म्हसोबा तिचं भलं करो." टाळ्या पडल्या. विजयसिंहाच्या जिवात जीव आला. तुझा बाप मागच्या रांगेत बसलावता. सगळ्यांबरोबर त्यानं बी हात वर केला. माझ्याकडं बघत केला.

आता शपथ मोडतो. जोतिबाला मी सांगून बसलोय, दोष माझ्या डोक्यावर. संघप्रियाला म्हणलं, तू नुसती लिही, तुला लागणार न्हाय.

तुझ्या बापानं अनंत चतुर्दशीपासनं थेंब घेतलेला न्हाय. सहा महिने झाले. कोल्हापूरच्या डॉक्टरकडं मी आणि संघप्रिया घेऊन गेलतो. डॉक्टर म्हणला, एक घोट बी चालणार न्हाय, एका घोटानं सगळं पहिल्यापासनं सुरू होईल. मागच्या चार खेपा तशाच गेल्या, सगळ्या एका घोटानं. चौथ्या खेपेला तर ह्याच पिराजीनं गंमत म्हणून सोड्यात घालून दिलती. म्हणून ह्या खेपेला त्यानं ठरवलं, कुणाला कळू द्यायचं न्हाय. कळलं की गाव बघाय येतं, पैजा लावतं, पाजून बघतं.

आणि म्हणून तो अजून वाळूवर बसतो. ग्लासात सोडा असतो. पृथ्वीराजच्या फोटोत सोडाच हाय, फोटोला वास नसतो त्याला मी काय करू. दिवस बुडाला की म्हशी पुढं घालून येतो, पारासमोर दोन झोकांड्या देतो, एकदा खोकतो, आणि आपल्या बोळात वळला की सरळ चालतो. पहिल्या पहिल्यांदा जास्तच पडायचा. मी म्हणलं, "सयाजी, इतकं करू नको, पीत होतास तेव्हा बी इतका पडत न्हवतास." आता जमलंय. धोंडुबाई मला परवा म्हणली, "अवं, यंदा सयाजीची लई वाढलीया." म्हणलं, "व्हय बाई, काय करायचं."

तुला बी कळवू नको म्हणला. म्हणला, "मोडली तर तिला परत पाचव्यांदा नको. वर्ष पुरं झालं की मी जाऊन सांगीन."

आता राखण वीस एप्रिलला हाय. धार त्यानंच घालायची. पेल्यात उरंल तो घोट त्यानंच गावासमोर घ्यायचा. मानकऱ्यानं घोट घेतल्याशिवाय एक बी ताट वाढत न्हाईत, तुला ठाऊक हाय. बंदी सरसकट झाली असती तर धार बी गेली असती आणि घोट बी, कागद पुढं करून तो सुटला असता. मी त्याच भरवशावर होतो. तू म्हसोबाला सूट दिलीस आणि बाप अडकला. तुझा दोष न्हाय. तुला सांगितलंच न्हवतं. माझा दोष अर्धा, शपथेचा अर्धा.

त्याला म्हणलं, मान सोड. म्हणला, "आपल्यानंतर मान पिराजीचा. बापाचा मान त्याच्या घरात जाईल." म्हणलं, मग सांग सगळ्यांना, मी सोडलीया. तर नुसता म्हशीच्या पाठीवर हात फिरवत बसला.

आज्जी (अंगठा)

(वर्षाताई, सहा महिन्यांचं सगळं खरं आहे. दर महिन्याला डॉक्टरांकडे मीच सोबत जाते. – संघप्रिया)


रत्नागिरी
५ एप्रिल २०२५

आज्जी,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला. दुसऱ्यांदा माझा. तिसऱ्यांदा बाबा पारासमोर झोकांड्या देतायत ते डोळ्यासमोर आलं, मी हसले, आणि मग बराच वेळ रडले. अतुल घाबरून डॉक्टरांना फोन लावायला लागला.

मला हे खरं मानायचंय. पण मी चारदा मानलंय. संघप्रियाताईंनी शेवटी दोन ओळी लिहिल्या नसत्या तर मी मानलं नसतं, हेही लिहूनच टाकते.

मी सरपंचांना फोन केला. अपवाद मागे घेता येईल का विचारलं. ते म्हणाले, "ताई, ठराव एकमतानं झालाय. आता पुढच्या ग्रामसभेत, एक मेला." राखण वीसला आहे. कारण विचारलं तर मला कारण सांगता येईना. बाबांचं गुपित आहे ते.

पेल्यात पाणी भरा. शहाळ्याचं पाणी भरा. बाबांना वीस तारखेला ताप आणा. त्यांना इकडं पाठवून दे. काहीही कर, पण तो घोट त्यांच्या तोंडात जाऊ देऊ नकोस. मी लिहिलेल्या ओळीनं त्यांची सुटलेली परत सुरू झाली, तर मी कधीच येऊ शकणार नाही. बाबांच्या रागानं नाही. कुठल्या तोंडानं येऊ म्हणून.

वर्षा


कुरणवाडी
२१ एप्रिल २०२५

वर्षे,

काल राखण झाली. आज मी निजून सांगतोय, संघप्रिया खाटंशेजारी बसून लिहितीया. काय झालं न्हाय, नुसतं डोकं दुखतंय. पहिल्यापासनं सांगतो.

तू सांगितलेलं सगळं बघितलं. पाणी भरता येत न्हाय, बाटली पिराजी आणतो आणि झाकण गावासमोर फोडतो. ताप आणायला कांदा बगलेत धरायला लावला, तर नुसता कांद्याचा वास आला. तुझ्याकडं जा म्हणलं तर म्हणला, "तिनं बोलावलं न्हाय."

चार वाजता सगळी वाळूवर जमली. बंदीनंतर वाळू कशी झाडल्यासारखी दिसत होती. बापे म्हसोबापुढं, बाया लांब बाभळीखाली चुलीपाशी, नेहमीसारखं. ग्रामसेवक ठरावाची प्रत घेऊन आलता, एका घोटाच्या वर जाऊ नये म्हणून.

तुझ्या बापानं धार घातली. पेल्यात चार बोटं उरली. पिराजी म्हणला, "घे सयाजी, आता कायद्यानं हाय." सगळे हसले. सयाजीनं पेला धरला आणि त्याचा हात कापाय लागला. पिराजी म्हणला, "बघा, हात मागतोय!" परत हसले. मी बाभळीखाली उभा होतो. मला त्याचं तोंड दिसत होतं. पाच वर्षांचा असताना नदीत गटांगळी खाल्लेली, तेव्हाचं तोंड.

मी चालत गेलो. बाया मागनं "अवं, तिकडं कुठं, तिकडं कुठं" करत होत्या. पुढं जाऊन त्याच्या हातनं पेला घेतला.

पिराजी म्हणला, "वैनी, हे काय?"

म्हणलं, "मान कुणाचा हाय?"

"चौगुल्यांचा."

"चौगुल्यांच्यात थोरलं कोण हाय?"

"तसं तुम्हीच. पण बाईमाणसानं..."

"तुला म्हसोबा बोलला का तसं?"

पिराजीनं विजयसिंहाकडं बघितलं. विजयसिंहानं ग्रामसेवकाकडं. ग्रामसेवकानं कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणला, "ह्यात बाई का बाप्या असं काय लिहिलेलं न्हाय."

मग मी घोट घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. वर्षे, काय सांगू, चव म्हणजे गंजलेल्या डब्यात रॉकेल ठेवल्यागत. ह्याच्यासाठी माणसं जमिनी विकतात? घशापासनं पोटापर्यंत कुठनं कुठं गेली ते बोट लावून दाखवीन. डोळ्यांतनं पाणी आलं. लोकांना वाटलं, केरबाच्या आठवणीनं. मी बी तसंच राहू दिलं.

मग तुझा बाप बोलला. हळूच बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मी सोडलीया. सात महिने झाले. आईनं म्हणून घेतली."

पिराजी म्हणला, "मग रोज आमच्यात बसून काय पीत होतास?"

"सोडा."

"आणि त्या झोकांड्या?"

"त्या देतो."

पिराजी जाऊन ताटं वाढाय लागला. सयाजीचं ताट त्यानंच वाढलं, आणि शेजारी तांब्याभर पाणी ठेवलं. ठेवून म्हणला, "वास घेऊन बघ, नुसतं पाणी हाय." मेल्याला लाज म्हणून वाटत असंल तर ती तेवढीच.

येताना पाय माझ्या ऐकण्यात न्हवते. वाळू हलत होती का मी, ते कळंना. तुझ्या बापानं दंडाला धरून आणलं. पारासमोरनं मी झोकांड्या देत आलो आणि तो सरळ. धोंडुबाई दारात उभी होती, म्हणली, "अगं बाई, आता म्हातारीची बी वाढली काय!"

हे झालं. आता तुला यायचं का न्हाय ते तू ठरव. मी बोलवून बसलोय.

आज्जी (अंगठा, थोडा वाकडा लागलाय. – संघप्रिया)


रत्नागिरी
२७ एप्रिल २०२५

आज्जी,

डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलंय. अतुल गाडीनं सोडतो म्हणत होता, मी नको म्हटलं. पहिलटकरणीला माहेरचा मुराळी न्यायला येतो, तशी रीत आहे ना?

मला मुराळी पाठव. गुंडूमामाला नको.

पत्ता संघप्रियाताईंकडं आहे. रस्त्यावरून उजव्या हाताला दुसरं घर, निळा दरवाजा. बेल वाजत नाही, कडी वाजवायला सांग.

वर्षा


कुरणवाडी
३ मे २०२५

वर्षे,

हे पत्र पोस्टात टाकलेलं न्हाय. तुझ्या बापाच्या हातानं पाठवलंय. डिंकानं चिकटवलंय, त्यामुळं आत काय हाय ते त्याला ठाऊक न्हाय.

पहाटंच्या गाडीनं निघालाय. तीन दिवस तयारी चाललीवती. दाढी दोनदा केली. पिशवीत काकवी हाय, भडंग हाय, धपाटी हायत, वरच्या फडक्यात बांधलेली चटणी जावईबापूंना दे, तिखट हाय म्हणून आधीच सांग. पांढरा सदरा तुझ्या लग्नातला हाय. त्या दिवशी घालायचा राहिला होता, घडी अजून मोडली न्हवती.

मला विचारत होता, "तिनं तोंडाचा वास बघितला तर?" म्हणलं, "बघू दे. बघायचा तिचा हक्क हाय." म्हणला, "व्हय, मीच सांगीन, बघ म्हणून." तसं करू देऊ नको गं त्याला.

आणखी एक. तो तुझ्या दारात उभा राहून हा कागद देईल आणि तू वाचून होईपर्यंत तिथंच उभा राहील. तू आत ये म्हणल्याशिवाय उंबरा ओलांडणार न्हाय, मी ओळखतो त्याला.

तवा आता वाचत बसू नको. कागद खाली ठेव आणि बापाला आत घे.

आज्जी (अंगठा)